चौथं कडवं

केदारखेड्याच्या साहेबराव गुरुजींचं नाव दोन गोष्टींसाठी घेतलं जातं. एक, त्यांच्या हाताखालून गेलेल्या पोराचं अक्षर कधी बिघडत नाही. दुसरी, त्यांनी लिहिलेल्या मंगलाष्टकातून घरातलं एकही नाव कधी सुटत नाही. आणि दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड आहे, हे ज्यांच्या घरी लग्न झालंय त्यांना सांगायची गरज नाही. आत्याचं नाव राहिलं की आत्या जेवत नाही. धाकट्या मामाचं राहिलं की आहेराचं पाकीट खिशातच राहतं. एका लग्नात दुसऱ्याच कुणी लिहिलेल्या मंगलाष्टकात नवरदेवाचे थोरले चुलते राहून गेले, तर ते मांडवातून उठले, मोटारसायकलला किक मारली आणि थेट घरी गेले. त्यांच्यामागून अर्धी भावकी गेली. तेव्हापासून आमच्याकडे लोक म्हणतात, लग्नात मीठ कमी पडलेलं चालंल, नाव कमी पडलेलं न्हाई.

गुरुजींची पद्धत ठरलेली. लग्नघरचा माणूस नावांची यादी घेऊन येतो, गुरुजी चष्मा पुसतात आणि एकेक नाव बोटांच्या पेरांवर मोजतात. वृत्त ठरलेलं, चाल ठरलेली, त्यात नाव कुठं बसतं ते बघायचं. राधेश्याम असला की ओळीच्या अगदी सुरुवातीला बसतो. बुद्धभूषण ओळीच्या मधोमध बसतो, इकडंतिकडं हलत नाही. एखादं नाव फारच हट्टी निघालं आणि माणूस म्हणाला, जाऊ द्या गुरुजी, बसत नसंल, तर गुरुजी बोट वर करून सांगायचे की नाव बसत नाही असं काही नसतं, बसवणारा पाहिजे. ऐकणाऱ्याला वाटायचं, वा, काय बोलले! हे वाक्य त्यांचं नव्हतंच. ते कुणाकडून उचललेलं आहे, हे गावात फक्त त्यांच्या बायकोला, साळूबाईला माहीत होतं, आणि ती स्वयंपाकघरातून मुद्दाम खाकरायची.

दिवाळी होऊन दहाएक दिवस झाले असतील. दुपारची वेळ, रानात कापसाची वेचणी चाललेली, गावात चिटपाखरू नाही. भोकरदनकडून आलेल्या काळी-पिवळी जीपमधून एक मुलगी उतरली आणि गुरुजींचं घर विचारत आली. तृप्ती तिचं नाव. जाफराबादची, नोकरीला संभाजीनगरात. स्वतःच्याच लग्नाचं मंगलाष्टक सांगायला आली होती. पूर्वी नवरी असली कामं करायची नाही, पण आता पोरी शहाण्या झाल्यात आणि बापांना दुकानातून सवड नाही. तिच्या बापाचं, रामप्रसादचं, जाफराबादला खता-बियाण्यांचं दुकान आहे. नवरदेव आदिनाथ भोकरदनचा. लग्न मार्गशीर्षात, भोकरदनच्याच मंगल कार्यालयात.

यादी दोन कागदांवर पाठपोट होती. गुरुजींनी पेरं मोजायला सुरुवात केली. आजोबा रामकिसन. आजी सुमनबाई. मग काका, काकू, तीन आत्या, त्यांचे यजमान. साळूबाई उंबऱ्याशी सुपात ज्वारी पाखडत बसली होती आणि मधूनमधून पोरीकडे चौकशी करत होती, पोरगा काय करतो, सासू कशी आहे. पोरगी मोकळी होती, सगळं सांगत होती. चहा झाला. जायला निघाली तेव्हा दारात थांबली आणि जरा हसून म्हणाली की आजीनं एक निरोप दिलाय, पण त्याचा अर्थ तिला काही कळला नाही.

"आजी म्हणली, मंगलाष्टक केदारखेड्याच्या साहेबराव गुरुजीकडूनच आण. आणि त्यांना इचार, चौथं कडवं झालं का?"

साळूबाईच्या हातातलं सूप थांबलं.

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कोणतं कडवं, असं त्यांनी विचारलं तर खरं, पण आवाज विचारणाऱ्याचा नव्हता. तृप्ती म्हणाली, आजी तांदूळ निवडताना, कणीक मळताना एक गाणं गुणगुणते. घरातल्या सगळ्यांना पाठ झालंय, सगळ्यांना वाटतं जुनं बायांचं गाणं असेल. आणि तिनं तिथं उंबऱ्यातच उभं राहून ते म्हणून दाखवलं:

बोंड फुटलं पांढरं गं, रान झालं दुधाचं,
तुझ्या ओटीत मावंना गं, सपान माझ्या मनाचं.

नदीचं पाणी निवळ गं, तळाचा दिसतो खडा,
तुझ्या मनात बघाया, मीच राह्यलो येडा.

पातीला पात लागली गं, तरी लागंना गाठ,
वेचता वेचता सरलं रान, सरंना तुझी वाट.

तिला एवढंच येत होतं. आजीलाही एवढंच येतं, ती म्हणाली, पुढचं कडवं गुरुजींकडे राहिलंय म्हणते.

गुरुजींनी सगळ्यात आधी काय विचारलं असेल? आजीची तब्येत नाही, आजी कशी दिसते ते नाही. त्यांनी विचारलं, आजीचं माहेरचं नाव काय. तृप्ती विचारात पडली. तिनं कधी विचारलंच नव्हतं. आधार कार्डावर सुमनबाई आहे, आजोबा सुमन म्हणतात, म्हणजे तेच असेल, असं ती म्हणाली. आजीची आई कधीच गेली, भाऊ जमीन विकून पुण्याला गेले ते तिकडचेच झाले, केदारखेड्यात आता आजीचं कुणीच नाही. पोरगी काळी-पिवळीत बसून निघून गेली तरी गुरुजी ओसरीतच उभे होते. ज्या नावासाठी त्यांनी अख्खा जन्म एक कळ सोसली, ते नाव नातीलासुद्धा माहीत नव्हतं. दैवशाला हे नाव आता आपल्या एकट्याजवळ उरलंय, हे त्यांच्या ध्यानात आलं.

आता मागचं सांगतो. त्याशिवाय हे कळायचं नाही.

एकोणपन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. साहेबराव तेव्हा जालन्याला मास्तरकीचं शिकत होता आणि दिवाळीच्या सुटीत गावी आला होता. दैवशालाच्या बापाचा नदीकाठी कापूस होता, आणि वेचणीला निम्मं गाव जायचं. हा पण गेला. प्रत्येकाला एक पात, म्हणजे वेचायला एक रांग. याची पात तिच्या पातीला लागून आली. पहिल्या दिवशी योगायोगानं आली. पुढचे दिवस कशी आली, ते त्याचं त्याला ठाऊक.

वेचताना बाया गाणी म्हणत. दैवशाला त्यात पुढं. ओटीत कापूस, कमरेला पदर खोचलेला, आणि बोटं वेचता वेचताच ताल धरायची. तिनं एक दिवस फर्मान काढलं की तीच तीच गाणी म्हणून कंटाळा आला, तू शिकून राह्यलास ना, मंग एक नवं कर. यानं दुपारच्या भाकरीच्या वेळेला पहिलं कडवं केलं. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर शेजारच्या पातींवरच्या आठही बाया ते म्हणत होत्या. गड्याला जग जिंकल्यासारखं झालं. पहिली वेचणी सरेपर्यंत दुसरं कडवं झालं, दुसऱ्या वेचणीला तिसरं.

आता आपल्याकडचा रिवाज असा, की गाण्याच्या शेवटच्या कडव्यात नाव घालायचं. करणाऱ्याचं घाला, नाहीतर ज्याच्यासाठी केलं त्याचं घाला, पण नावाशिवाय गाणं पुरं होत नाही. दैवशालानं सरळ सांगितलं, चौथ्यात माझं नाव पाहिजे. तो म्हणाला, बघतो. दोन दिवसांनी तिनं विचारलं, तो म्हणाला, तुझं नाव चालीत बसत न्हाई. आणखी चार दिवसांनी विचारलं, पुन्हा तेच. तेव्हा तिनं हातातलं बोंड खाली टाकलं आणि त्याच्याकडे नीट बघितलं.

"बसत न्हाई, का बसवत न्हाईस?"

तो खाली वाकून वेचायला लागला. खरं काय होतं? नाव कडव्यात पडलं असतं, तर आठ बायांनी ते संध्याकाळी घरोघर नेलं असतं आणि सकाळी ते तिच्या बापाच्या कानावर गेलं असतं. मग त्याच्यापुढं उभं राहून म्हणावं लागलं असतं की होय, गाणं माझं आणि मनातलंही खरं. बाप काही वाघ नव्हता. जात एक, सोयरीक जुळण्यासारखी, वर त्याला साहेबरावाचं कौतुकही होतं. अडचण कसलीच नव्हती. फक्त तोंड उघडायचं होतं, आणि नेमकं तेच या गड्याला जमत नव्हतं. म्हणून तो म्हणत राहिला की नाव बसत नाही. परीक्षा होऊ दे, नोकरी लागू दे, मग बसवू. नाव काय कुठं पळून जातंय!

माघात तिचं ठरलं. जाफराबादचं स्थळ, मुलगा रामकिसन, घर चांगलं. आणि बघा दैव कसं असतं, साहेबराव दोन दिवस गावी आला होता, तर तिचा बाप त्याच्याकडेच आला. तू शिकलेला, लेकीसाठी मंगलाष्टक लिही आणि तूच म्हण, असं म्हणाला. साहेबराव नदीवर जाऊन बसला आणि पेरांवर मोजायला लागला. अभ्यासात नुकतंच ते वृत्त शिकवलं होतं. पहिल्याच फटक्यात ओळीच्या शेवटच्या सात अक्षरांत नाव बसलं. 'ही दैवशाला उभी'. असं बसलं, जसं कुणी तिच्या मापानं ती जागा आधीच करून ठेवली होती. एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही. तो त्या अर्ध्या ओळीकडे बघून एवढा भेदरला, की दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं परीक्षेचं निमित्त सांगून जालन्याला पळाला. लग्नात भटजींनी नेहमीची मंगलाष्टकं म्हणून वेळ निभावली.

पुढं आईनं पत्रातून कळवलं की लग्न चांगलं झालं. सासरी रिवाजाप्रमाणे नवऱ्यानं ताटातल्या तांदळात बोटानं नवं नाव लिहिलं. काय ठेवलं ते आईला आठवत नव्हतं. कसलंतरी फुलाचं आहे, असं तिनं लिहिलं होतं.

झालं. त्यानंतर साहेबरावाला नोकरी लागली, साळूबाई आली, पोरं झाली. लग्नाच्या पहिल्या वर्षातच त्यानं बायकोला सगळं सांगून टाकलं. साळूबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बरं झालं, एक सवत मिळाली ती कागदावरची, आणि ती बी अर्धीच. तेव्हापासून गुरुजी कधी हातात भाकरी धरून शून्यात बघत बसले, की ती विचारायची, काय, लागलं का चौथं कडवं? पोरं लहानपणी समजायची की चौथं कडवं हा एक पोटाचा आजार आहे.

आणि आता तोच शब्द जाफराबादहून आपणहून दारात आला होता.

गुरुजींनी मंगलाष्टक लिहायला घेतलं. एकतीस नावं दोन दिवसांत बसली. आजीचं नाव त्यांनी शेवटाला ठेवलं. सुमन हे नाव बसत नाही, असंही म्हणायची सोय नव्हती. ते सहज बसलं: 'आजीचे मन हे जणू सुमन ते, गंधाळले अंगणी'. ओळ गोड होती, कुणीही नाव ठेवलं नसतं. त्यांनी फोनवर रामप्रसादला वाचून दाखवली, तर तो एकदम खूश. त्यानं बजावलं की गुरुजी, आईचं नाव बराबर आलंय, आता बिलकुल बदलू नका, मी तीनशे कागद छापायला टाकून राह्यलो. गुलाबी कागद, वर गणपती, कोपऱ्यात नवरा-नवरीचा फोटो. मांडवात प्रत्येकाच्या हातात देणार.

फोन ठेवला आणि त्याच संध्याकाळी, ओसरीत बसल्या बसल्या, त्याच जागी बसणारी दुसरी ओळही झाली. अर्धी ओळ तर एकोणपन्नास वर्षं तयारच होती. तिला आधीचं अर्धं मिळायला दैवशालाला आजी व्हावं लागलं. गुरुजींनी ती एका चिठोऱ्यावर लिहिली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. मग तीन आठवडे ते चिठोरं खिशातून काढायचे, वाचायचे, परत ठेवायचे. सदरा धुवायला गेला की चिठोरं दुसऱ्या सदऱ्यात जायचं.

साळूबाईला दिसत नव्हतं थोडंच! एक दिवस तिनं भाजी निवडता निवडता विषय काढला. गुरुजींनी सगळी कारणं पुढं केली. कागद छापून झालेत. तिचा मुलगा बदलू नका म्हणतो. भर मांडवात, माईकवर, परक्या बाईचं टाकून दिलेलं नाव घ्यायचं, म्हातारपणी तिची शोभा व्हायची. तिचा नवरा समोर बसलेला असणार, सुना-जावई असणार, व्याही असणार. लोक काय म्हणतील?

साळूबाईनं मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"ओ, तिनं तुमच्याकडं काय मागितलं? तिचंच नाव तिला मागितलं. बाकी काय तर मागितलं न्हाई ना? ते बी देववत न्हाई का तुमच्यानं?"

गुरुजींनी खिशातलं चिठोरं चाचपलं. तिनं पुन्हा जुडी ओढून घेतली आणि निवडत निवडत म्हणाली की एकदा भ्यालात ते मला फळलं, त्याचं मला काय दुःख न्हाई. पण आता सत्तरीला आलात, आता कुणाला भेता? आणि मीबी येणार आहे लग्नाला. बघू तरी, कशी दिसती तुमचं चौथं कडवं.

लग्नाचा मुहूर्त बारा पस्तीसचा होता. म्हणजे दीडला वरात दारात आली, नवरदेवाचे मित्र आणखी अर्धा तास नाचले, आणि दोनला अंतरपाट धरला गेला. भटजींचे मंत्र झाले, त्यांनी गुरुजींना खूण केली. गुरुजी माईकपुढं आले. डोक्याला फेटा, हातात गुलाबी कागद, खिशात चिठोरं. समोर तीनशे माणसं आणि तीनशे हातांत तोच गुलाबी कागद. मंगलाष्टक कुणी ऐकत नसतं, पण स्वतःच्या घरचं नाव येईपर्यंत प्रत्येक जण बोट ठेवून वाचत असतो.

तिला त्यांनी ओळखलं नाही. पहिल्या रांगेत चारपाच म्हाताऱ्या होत्या, सगळ्यांची डोकी पांढरी, सगळ्यांना चष्मे. त्यांनी पहिलं अष्टक सुरू केलं आणि त्यातल्या एकीच्या हाताची बोटं खुर्चीच्या दांडीवर ताल धरायला लागली. मधल्या दोन बोटांनी दोनदा, अंगठ्यानं एकदा. कापूस वेचताना धरायची तसाच. मग त्यांनी चेहऱ्याकडे बघितलं. गाल बसले होते, समोरचा एक दात नव्हता, हिरव्या लुगड्यात ती लहानखुरी होऊन गेली होती. शेजारी भला थोरला गुलाबी फेटा बांधलेले रामकिसनराव हातात अक्षता घेऊन बसले होते. गुरुजींना मनापासून बरं वाटलं. म्हातारी सुखातली दिसत होती.

पहिलं अष्टक झालं, अक्षता पडल्या. दुसरं झालं. मामा, आत्या, काका, सगळे आपापल्या जागी आले, जिथं ज्याचं नाव आलं तिथं तो माणूस छाती काढून बसला. तिसऱ्यात आजीचं नाव. गुरुजींनी कागदावर बघितलं. 'आजीचे मन हे' तिथं छापलेलंच होतं. चिठोरं काढायला हात खिशाकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. त्याची गरजच नव्हती. कागद त्यांनी घडी करून बंद केला आणि गळा होता नव्हता तेवढा लावला:

आजीच्या पदरी सुखी घर वसे, ही दैवशाला उभी

मांडवात आधी कागदांची खसखस झाली. लोकांनी बोटं ओळीवर ठेवलेली, आणि कागदावर एक, माईकवर दुसरंच. ही कोण दैवशाला, कुणाकडची, असं चुलीकडच्या बायांपर्यंत गेलं. अंतरपाट धरलेला मामा मागं वळून बघायला लागला. रामप्रसादचा चेहरा उतरला. तो भराभर चालत माईकजवळ आला आणि गुरुजींच्या कानात म्हणाला, पण माईक चालूच असल्यामुळं ते सगळ्या मांडवानं ऐकलं:

"गुरुजी, नाव चुकलं. आईचं नाव सुमनबाई हाये."

एकोणपन्नास वर्षांपूर्वीची ती पहिली एसटी गुरुजींना आठवली. या खेपेला मात्र ते जागचे हलले नाहीत. चुकलं नाही, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तोवर पहिल्या रांगेतली म्हातारी खुर्चीच्या दांडीला धरून उठून उभी राहिली.

"चुकलं न्हाई रे बाबा. मीच दैवशाला."

रामप्रसाद आईकडे बघतच राहिला. पन्नाशीला आलेल्या माणसाला आईचं नाव भर मांडवात कळलं होतं. अंतरपाटाच्या अलीकडे तृप्ती डोळे पुसायला लागली, काजळाचं काय व्हायचं ते होवो. आणि मग सगळ्यांत आधी कोण हसलं असेल? रामकिसनराव. ते मांडीवर थाप मारून हसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हाये ना! लगनाच्या पत्रिकेत तेच व्हतं. म्याच बदललं. चांगलं भलं नाव व्हतं."

गुरुजींनी त्या ओळीच्या जोडीची ओळ म्हटली:

आशीर्वाद तिचा फुलापरि झरे, हा सूर्य हासे नभी

आणि कुर्यात् सदा मंगलम् झाल्याबरोबर अक्षता उडाल्या. त्या नवरा-नवरीवर तर पडल्याच, पण पुढच्या चार रांगांतल्या माणसांनी वळून म्हातारीवरही टाकल्या. कुणी सांगितलं नव्हतं. ती अजून उभीच होती. तिच्या पांढऱ्या केसांवर, चष्म्यावर, हिरव्या पदरावर पिवळे तांदूळ पडले, आणि ती ते झटकत नव्हती. दुसऱ्या रांगेत साळूबाईनं ओंजळ भरून टाकल्या आणि नंतर पदरानं नाक पुसलं.

लग्न लागलं, वाजंत्री वाजली, फोटोवाल्यानं सगळ्यांना स्टेजवर हाकारलं. गुरुजी पायऱ्या उतरत होते तेव्हा मागून रामकिसनरावांचा आवाज आला, "चल दैवशाला, जल्दी चल, फोटो काढून राह्यले." एवढ्या जिवापाड सांभाळलेलं नाव त्या भल्या माणसानं दोन मिनिटांत फुकट उचललं. गुरुजींना जरा लागलं, नाही असं नाही. पण ती ज्या आवाजात "आले, आले" म्हणाली, तो ऐकून त्यांचं त्यांनाच हसू आलं. नाव आता दोघांजवळ होतं. घरातली पोरंबाळं धरली तर वीसेक जणांजवळ. एकट्यानं सांभाळायची जोखीम संपली होती.

पंगतीला गुरुजी आणि साळूबाई शेजारी शेजारी बसले. पुरी, वांग्याची भाजी, बुंदी, मठ्ठा. साळूबाई जेवता जेवता गालातल्या गालात हसत होती. घरची माणसं आग्रह करत पंगतीतून फिरायला लागली. म्हातारी एका वाढप्याला सोबत घेऊन हळूहळू त्यांच्यापर्यंत आली. केसांत अजून अक्षता होत्या. तिनं आधी साळूबाईच्या खांद्यावर हात ठेवला, पोटभर जेवा म्हणाली, मग गुरुजींकडे वळली. एवढ्या वर्षांचं बोलायचं राहिलं होतं, पण पंगत चालू होती आणि मागं मठ्ठेवाला खोळंबला होता.

"बसलं की नाव, साहेबराव," ती म्हणाली.

गुरुजींनी घास खाली ठेवला. एवढ्या वर्षांत जे कुणाला सांगितलं नव्हतं, साळूबाईलासुद्धा नाही, ते त्यांनी सांगून टाकलं.

"पहिल्याच दिवशी बसल्तं."

तिनं मान डोलावली. तिला तेव्हाही माहीत होतं, म्हणून तर विचारलं होतं. ती रागावलेली दिसत नव्हती. वर्गातल्या ढ पोरानं उशिरा का होईना पाढा म्हणून दाखवला, की मास्तर बघतो, तसं ती बघत होती. मग तिनं वाढप्याला पुढं बोलावलं, पातेल्यातला डाव स्वतःच्या हातात घेतला आणि गुरुजींच्या ताटात बुंदी घातली. ते नको नको म्हणाले तरी आणखी एक डाव घातला.

"ह्यांच्याकडं ध्यान ठेव रे," ती त्या वाढप्याला म्हणाली. "ह्यांना मागता येत न्हाई."